लाल कॅन, पिवळा कॅन आणि तिसरा छोटा

आंब्या-काजूच्या बागेत आता तीन इंजिनं तरी असतातच. पॉवर टिलर डिझेलवर, फवारणीचा पंप पेट्रोलवर आणि टू-स्ट्रोक ग्रास कटरला ऑइल मिसळलेलं पेट्रोल. आणि खोपीत ही तिन्ही कशात ठेवलेली? गोडेतेलाच्या पाच-पाच लिटरच्या एकसारख्या कॅनमध्ये. झाकण काढून वास घेत बसायचं. ते कॅन आधी भंगारात घाला. पाण्याच्या बाटल्या आणि औषधांचे डबेही नकोत.

अमेरिकेत पेट्रोलला लाल, डिझेलला पिवळा आणि रॉकेलला निळा कॅन असा रिवाज आहे. आमच्या बागेतही तोच चालतो. रेशनचं रॉकेल निळंच यायचं, त्यामुळे निळ्याला मी हात लावला नाही. मिक्स पेट्रोलला हिरवा कॅन, तोही मुद्दाम दोन लिटरचा. घट्ट झाकणाचे पत्र्याचे कॅन घ्या. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये सुट्टं पेट्रोल द्यायला पंपवाले बहुतेक नाहीच म्हणतात, आणि बरोबरच आहे. स्वतःच्या वापरासाठी 30 लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवता येतं, पण बागेला एवढं लागतंय कशाला?

नुसते कॅन रंगवून भागत नाही. रंग टाकीच्या झाकणाला आणि नरसाळ्यालाही द्या. टिलरचं झाकण पिवळं, कटरचं हिरवं. मग नवीन गडी असो नाहीतर सुट्टीवर आलेला मुंबईकर पुतण्या, त्याला इंधनातलं काही कळायची गरज नाही. रंगाला रंग जुळवला की झालं. अंधारात रंग दिसत नाही, म्हणून डिझेलच्या कॅनच्या मुठीला काथ्या गुंडाळलाय. हाताला लागला की समजतं.

खरं महागात पडतं ते साधं आणि मिक्स पेट्रोल बदललं तर. टू-स्ट्रोकला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. ते नसेल तर पिस्टन जाम. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण 50:1 असेल तर लिटरला 20 मिली ऑइल, 25:1 असेल तर 40 मिली. तुमच्या मशीनचं प्रमाण पुस्तिकेत बघा आणि हिरव्या कॅनवरच रंगवून टाका. इथेनॉलचं पेट्रोल ओल धरतं, त्यामुळे मिक्स थोडं-थोडंच करा. गवत काढून झालं की कटरची टाकी रिकामी करा.

कॅन भरताना गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. काठोकाठ भरू नका.

एखाद्या कॅनमध्ये काय आहे याची शंका आली, तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. साधं पेट्रोल उडून जातं, डाग राहत नाही. डिझेलचा तेलकट डाग राहतो. मिक्सचाही राहतो, म्हणजे डाग दिसला म्हणून डिझेलच समजू नका. शंका फिटली नाही तर ते कुठल्याच इंजिनात घालू नका.

आणि चुकीचं पडलंच, तर इंजिन सुरू करू नका. गाडी असेल तर चावीसुद्धा फिरवू नका. डिझेल इंजिनातल्या इंधन-पंपाचं वंगण म्हणजे डिझेलच. त्यात पेट्रोल गेलं की पंप कोरडा घासतो. न सुरू करता टाकी उपसली तर बरंचसं वाचतं. उपसलेलं मिश्रण पातेरा, म्हणजे वाळका पाला, पेटवायला वापरू नका. थोडं पेट्रोल मिसळलेलं डिझेलसुद्धा भडकन पेट घेतं.