पालिकेची तक्रार लोकायुक्तांकडे नेताना

गटार तुंबले म्हणून लोकायुक्तांकडे अर्ज केला, तर ते उपसायला मुंबईहून कोणी येत नाही. लोकायुक्त म्हणजे सरकारी आणि पालिकेच्या कारभारावरच्या तक्रारींची चौकशी करणारे राज्याचे अधिकारी. ते मुंबईत बसतात आणि बघतात ती फाईल. तुमचा अर्ज पालिकेत कधी आला, कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहिला, आणि तो का पडून राहिला याचे कारण कुठे लिहिले आहे का, एवढेच तिथे तपासले जाते. म्हणून तक्रारीत गटाराच्या वासापेक्षा तारखांना वजन जास्त.

महाराष्ट्रात हे काम १९७१ च्या लोकायुक्त व उप-लोकायुक्त अधिनियमाखाली १९७२ पासून चालत आले आहे. या कायद्यात तक्रारीचे दोन प्रकार आहेत आणि ते एकाच अर्जात मिसळू नयेत. ‘गाऱ्हाणे’ म्हणजे गैरकारभारामुळे तुमच्यावर झालेला अन्याय: हलगर्जी, विनाकारण विलंब, भेदभाव. ते ज्याला त्रास झाला त्यानेच मांडायचे, आणि गोष्ट कळल्यापासून १२ महिन्यांत. उशीर झाला असेल तर सबळ कारण लिहा. दुसरा प्रकार आरोपाचा, म्हणजे पैसे खाल्ले, पदाचा गैरवापर केला. त्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि शपथपत्र जोडावे लागते. ड्रेनेज नीट न केल्याच्या अर्जात ‘ठेकेदाराशी संगनमत आहे’ असे एक वाक्य उगाच घुसडले, तर साधे गाऱ्हाणे पुराव्याअभावी अडकते. २०२३ मध्ये विधिमंडळाने नवा लोकायुक्त कायदा मंजूर केला आहे, आणि त्याचा रोख मुख्यतः भ्रष्टाचारावर आहे. तेव्हा अर्ज पाठवण्याआधी चालू नमुना कार्यालयातून मागवून घ्या.

मुंबईच्या आधी गावातले काम. पहिला प्रश्न: ही सेवा देते कोण? साताऱ्यात यावर बरेच अर्ज घसरतात. शहराच्या काही भागाला नगरपालिका पाणी देते, त्यात कास तलावाचे पाणी आले. काही भागाला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देते. जीवन प्राधिकरणाच्या नळाची तक्रार मुख्याधिकाऱ्यांकडे नेली तर ‘आमच्या अखत्यारीत नाही’ असे उत्तर येते, आणि ते बरोबरच असते. पाणीपट्टीच्या बिलावर वर कोणाचे नाव छापले आहे ते बघा, उत्तर तिथेच आहे. २०२० च्या हद्दवाढीत आलेल्या शाहूपुरी, विलासपूर भागात जुने कागद ग्रामपंचायतीचे असतात. नोंद कोणत्या दप्तरात आहे ते आधी शोधा. सांगली, मिरज, कुपवाडला महापालिका एकच असल्याने गोंधळ कमी, पण रस्ता पालिकेचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा हा प्रश्न तिथेही उरतोच.

अर्ज दोन प्रतींत करा. एक आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच म्हणजे नुसता गोल शिक्का नव्हे. शिक्क्यात तारीख उमटलेली हवी, आवक क्रमांक हाताने लिहिलेला हवा, खाली सही हवी. शाई सुकलेल्या शिक्क्याची तारीख पुष्कळदा वाचता येत नाही, तेव्हा तिथेच उभे राहून ती पेनाने लिहून घ्या. ‘साहेबांना देतो, राहू द्या’ असे म्हणून शिपायाने कागद ठेवून घेतला, तर तो अर्ज दिलाच नाही असे समजा. मुकादमाला केलेला फोन, नगरसेवकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला फोटो, यांनी गटार उपसले जाईलही, पण फाईल तयार होत नाही.

महिनाभर उत्तर नसेल तर जुना आवक क्रमांक घालून स्मरणपत्र द्या. तेही वाया गेले तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीची प्रत द्यावी आणि अर्ज सध्या कोणत्या कर्मचाऱ्याकडे आहे ते सांगावे’ एवढेच मागा. टिपणी म्हणजे अर्जावर काय केले याची कार्यालयाने फाईलमध्ये केलेली नोंद. उत्तराला ३० दिवसांची मुदत. टिपणी कोरी निघाली, तर त्याहून चांगला पुरावा तुम्हाला मिळणार नाही.

दाखला, उतारा, नळजोडणी असे काही अडले असेल आणि ती सेवा अधिसूचित (सरकारने मुदत ठरवून जाहीर केलेली) असेल, तर लोकायुक्तांच्या आधी लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वापरा. सेवेची मुदत कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे. मुदत उलटली की ३० दिवसांत पहिले अपील, मग दुसरे, मग सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि ही धास्ती कामाला येते. एवढा मार्ग मोकळा असताना थेट लोकायुक्तांकडे गेलात, तर आधी तिकडे जा असेच सांगतील.

काही विषय लोकायुक्तांकडे चालत नाहीत. ज्याला कोर्टाचा किंवा न्यायाधिकरणाचा मार्ग आहे ते सहसा घेत नाहीत. घरपट्टीची आकारणी जास्त झाली, याला पालिका कायद्यात वेगळे अपील आहे. पण हरकत देऊन वर्ष झाले तरी सुनावणीच लावली नाही, हे गाऱ्हाणे होते. कर्मचाऱ्यांच्या बदल्या, पगार, शिस्तभंग हेही बाहेर. ‘त्यांच्या गल्लीत आधी डांबर का’ हा अधिकाऱ्याच्या निर्णयाचा भाग. विवेकबुद्धी वापरलीच नाही असे सकृतदर्शनी दिसले तरच लोकायुक्त त्यात लक्ष घालतात.

आता मजकूर. सर्वसाधारणपणे असा लिहिला जातो: ‘पालिकेचा कारभार पूर्णपणे ढासळला असून नागरिकांचे आरोग्य धोक्यात आले आहे, तरी न्याय मिळावा.’ यात चौकशी कशाची करायची? त्याऐवजी असे लिहा: ‘घरासमोरील ड्रेनेजचा चेंबर फुटून मैला रस्त्यावर येतो. ३ जूनला सहायक आयुक्तांकडे अर्ज दिला, आवक क्रमांक अमुक. ५ जुलैला स्मरणपत्र दिले. २० ऑगस्टला माहिती अधिकारात मिळालेल्या टिपणीत एकही नोंद नाही. चेंबर दुरुस्त करावा व विलंबाची जबाबदारी निश्चित करावी, ही विनंती.’ प्रत्येक तारखेपुढे जोडपत्राचा क्रमांक घाला. एका अर्जात एकच विषय. अधिकाऱ्याचे पदनाम लिहा, स्वभाव नको. आणि मुख्यमंत्री, पालकमंत्री, जिल्हाधिकारी असे दहा जण लिहून खाली ‘प्रत: लोकायुक्त’ करू नका. लोकायुक्तांच्या नावाने स्वतंत्र, सही केलेला अर्ज हवा. कार्यालय मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासकीय भवनात आहे. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

नोंद झाली की आधी प्राथमिक छाननी होते. खोडसाळ किंवा आधार नसलेली तक्रार तिथेच थांबते. पुढे गेली तर तिची प्रत संबंधित अधिकाऱ्याला जाते आणि अहवाल मागवला जातो. पुष्कळ कामे इथेच होतात. मुंबईहून पत्र आले की जी फाईल सापडत नव्हती ती सापडते. अहवाल तुमच्याकडे म्हणण्यासाठी आला तर गप्प बसू नका. ‘चेंबर दुरुस्त केला’ असे लिहिले असेल आणि नुसते झाकण बदलले असेल, तर तारखेचा फोटो जोडून तेवढेच कळवा. चौकशी खासगीत चालते. कागद मागवण्याचे आणि साक्षीला बोलावण्याचे अधिकार लोकायुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे आहेत. सुनावणीला मूळ पोचपावत्या घेऊन जा, वकील नसला तरी अडत नाही.

शेवटी निघते ती शिफारस, हुकूम नव्हे. अन्याय कसा आणि किती दिवसांत दूर करायचा ते अहवालात लिहिलेले असते. ती मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याने (कारवाईचा अधिकार असलेल्या वरिष्ठाने) काय केले ते एका महिन्यात लोकायुक्तांना कळवायचे. समाधान झाले नाही तर लोकायुक्त राज्यपालांना विशेष अहवाल देऊ शकतात. ‘काम पूर्ण’ असे कागदावर आले आणि मैला पुन्हा वाहू लागला, तर नवा अर्ज करू नका, त्याने दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. जुन्याच प्रकरण क्रमांकावर एका पानाचे पत्र धाडा.