हेम्पला नत्र देताय? आधी कुठलं खत ते ठरवा

हेम्प म्हणजे भांगेच्याच जातीचं, दोऱ्यासाठी वगैरे लावतात ते पीक. आधी माती टेस्ट करा, कारण जमिनीत किती नत्र (नायट्रोजन) आहे ते माहीत नसताना पोती ओतली की खर्च तर होतोच, वर पीक नुसतं हिरवंगार माजतं आणि वाऱ्यात लोळतं. दोऱ्यासाठी लावलेल्या हेम्पला नत्र जास्त झालं तर फायबरची ताकद पण कमी होते.

आता खत कुठलं. युरियात ४६ टक्के नत्र, स्वस्त पडतो म्हणून सगळे तोच घेतात, पण नुसता वर फेकून ठेवला आणि ऊन असेल तर बराचसा अमोनिया होऊन उडून जातो, म्हणून लगेच मातीत मिसळा नाहीतर हलकं पाणी द्या. अमोनियम सल्फेटमध्ये नत्र २१ टक्केच, पण गंधक फुकटात मिळतं, फक्त जमीन हळूहळू आम्ल होते. नायट्रेटवालं खत पटकन लागू होतं पण वाळूच्या जमिनीत पावसाबरोबर खाली, थेट भूजलात.

आणि पाणी साचलेल्या शेतात तर अजिबात टाकू नका! तिथे जिवाणू नायट्रेटचा नायट्रस ऑक्साईड वायू करतात, जो १०० वर्षांच्या हिशोबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साईडपेक्षा पृथ्वीला साधारण २७० पट जास्त तापवतो.

सगळा डोस एकदम नको. थोडा पेरणीला, बाकी झाड जोरात उंच व्हायला लागायच्या आधी. शेणखत, कंपोस्ट चालतं, पण नत्र हळू सुटतं, म्हणून ते पेरणीच्या बरंच आधी घाला. माझं मत, आधी कडधान्य घेऊन मग हेम्प लावलं तर खतच कमी लागतं.