राखणदारणीचे पंख का काढले

आमच्या चित्रकारांच्या गटात ‘राखणदार’ या एका शब्दावरून नवे अद्भुत पात्र रेखाटायचे ठरले, तेव्हा कागदावर प्रथम उमटली ती ढाल, भाला आणि मोठे पंख असलेली, कोणत्याही गेममध्ये खपून जाईल अशी आकृती. राखण कोणाची, कशापासून आणि कोठे, हे त्या शब्दात नव्हते. म्हणून ती तीन उत्तरे आधी लिहून काढली.

जागा घेतली सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानाची, जे माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यासाठी ओळखले जाते. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते, आणि या पक्ष्याच्या पायाला मागचे बोट नसल्याने तो झाडावर बसू शकत नाही. या दोन गोष्टींनी पात्राचा ढाचाच बदलला: राखायचे ते एकुलते एक अंडे, आणि राखणदारीण जमीन कधीही न सोडणारी. पंख गेले, पाय लांब आणि तीन बोटांचे झाले. भाल्याऐवजी तिला नराच्या गळ्याखाली फुगते तशी पिशवी दिली, जिच्यातून निघणारा घुमारा लांडग्याला दूर ठेवतो. (नर तो आवाज मादीला आकर्षित करण्यासाठी काढतो, पण कल्पितकथेत एवढी उसनवारी मला चालते.)

अंगावर सोलापुरी चादरीची नक्षी द्यावी, असा मोह फार झाला; परंतु वाळल्या गवतात तो भडक रंग शत्रूला दुरूनच दिसला असता, म्हणून मातकट तपकिरी रंग ठेवला. शेवटी संपूर्ण आकृती काळ्या रंगाने भरून पाहिली, तेव्हा मान आणि पिशवी यांवरून ती लगेच ओळखू येत होती. हातातली काठी मात्र निरुपयोगी ठरल्याने खोडून टाकली.