अंग भरावं, डोकं तापू नये: घोड्याची चंदी कशी ठरवावी

सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेला मारवाडी किंवा काठियावाडी घोडा प्रवासाने उतरलेला असतो, बरगड्या दिसत असतात. मग अंग धरावं म्हणून भिजवलेले हरभरे, मका आणि गूळ यांचा तोबरा सकाळ-संध्याकाळ चढू लागतो. पाठ थोडीफार भरते, पण घोडा खोगीर बघताच नाचतो, कागदाच्या कपट्याला बुजतो, आणि घरात शांत करणाऱ्या पावडरीची शोधाशोध सुरू होते. खरं तर वजन वाढवणारा आणि घोड्याला शांत ठेवणारा खुराक एकच आहे: भरपूर सुकं गवत, सहज पचणारा तंतू आणि तेल. धान्याचा नंबर त्यानंतर.

आधी वजन काढा. तंग बसतो त्याच्या किंचित मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880 केलं की किलोतलं वजन मिळतं. घेर 170 आणि लांबी 150 असेल तर साधारण 365 किलो. खालचे सगळे आकडे अशा घोड्यासाठी, हलकं काम धरून दिले आहेत. दर पंधरा दिवसांनी त्याच वेळी, त्याच टेपने मोजा. रोज बघणाऱ्या डोळ्याला फरक कळत नाही. शिवाय बरगड्यांवरून हात फिरवा. अंगावरची चरबी जोखण्याच्या हेनेके पद्धतीत 1 ते 9 गुण असतात आणि 5 हा चांगला: बरगड्या दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात.

चांगलं खाऊनही घोडा वाळत असेल तर खुराकाला दोष देण्याआधी तीन गोष्टी बघा. दातांना धार आली असेल तर गवताच्या चघळलेल्या गोळ्या खाली पडतात आणि लिदीत अख्खे दाणे दिसतात. जंतांसाठी लीद तपासून मगच औषध द्या. आणि येऊन-जाऊन ताप, फिकट हिरड्या, पायांवर व पोटाखाली सूज दिसली तर सर्रा (चावणाऱ्या माशांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवीचा रोग) असू शकतो. रक्त तपासायला पशुवैद्यकाला बोलवा. कणा, पुठ्ठे, खांदे सगळंच उघडं पडलेला अगदी हाडकुळा घोडा असेल तर त्याला धान्य देऊच नका. उपाशी शरीरात एकदम पिष्ट (स्टार्च) गेलं की रक्तातले क्षार कोसळतात आणि घोडा दगावू शकतो. अशा वेळी डॉक्टरच्या देखरेखीखाली लसूणघासाच्या छोट्या छोट्या वाढण्यांनी सुरुवात होते.

आता वैरण. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, पोटात काही असो वा नसो. पाच-सहा तास पोट रिकामं राहिलं की जठराला व्रण पडायला लागतात, आणि तंग आवळताना कान मागे टाकणारा, चावायला येणारा, खुराक अर्धवट सोडणारा घोडा पुष्कळदा यातलाच असतो. म्हणून वजनाच्या दीड टक्क्याखाली सुकी वैरण कधीच जाऊ नये. म्हणजे किमान साडेपाच किलो. अंग भरायचं असेल तर साडेसहा किलोपर्यंत न्या: पाच किलो मारवेल, पवन्या किंवा हरळीचं सुकं गवत आणि दीड किलो वाळलेला लसूणघास. हिरवा लसूणघास द्यायचा तर सहा-सात किलो लागेल, कारण त्यात पाणीच जास्त. त्यातलं कॅल्शियम जठरातल्या आम्लाची धार कमी करतं. रात्रीची वैरण सर्वांत मोठी ठेवा आणि स्वारीच्या अर्धा तास आधी किलोभर गवत खाऊ द्या.

ज्वारीचा वाळलेला कडबा थोडा चालतो. कोवळी किंवा पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी विषारी ठरते. मुरघास घोड्याला नको. हत्ती घासावर, म्हणजे नेपियरवर, घोडा पोसू नका: त्यातली ऑक्झलेटं कॅल्शियम बांधून ठेवतात. त्यात गव्हाचा कोंडा घातला की दुखणं दुप्पट होतं, कारण कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापट असतो. शरीर मग हाडांतलं कॅल्शियम काढू लागतं, तोंडाची हाडं सुजतात, चाल बिघडते.

चंदीचं दिवसभराचं माप असं ठेवता येईल:

सोया हस्क 800 ग्रॅम (तेल गिरणीतून निघणारी दाण्यावरची साल, शेतातलं भुसकट नव्हे)
ओट 1 किलो
सोयाबीन पेंड 200 ग्रॅम
ताजं दळलेलं जवस 150 ग्रॅम
तेल, हळूहळू वाढवत 250 मिली
मीठ 35 ग्रॅम
घोड्यांसाठीचं खनिज मिश्रण, पाकिटावरच्या मापाने

याचे तीन भाग करा आणि पाणी शिंपडून ओलसर करून द्या. कोरडा हस्क घशात अडकतो. तेल पहिल्या दिवशी 30 मिलीच. दर तीन-चार दिवसांनी तेवढंच वाढवा. लीद सैल आणि तेलकट झाली तर एक पायरी मागे या. सोयाबीनचं किंवा करडईचं तेल चालेल, खवट वास येणारं मुळीच नको. तेलासोबत ई जीवनसत्त्वाची गरज वाढते, ते खनिज मिश्रणात आहे का बघून घ्या.

धान्याची मर्यादा एका वेळच्या पिष्टावरून ठरवा: दर किलो वजनामागे एक ग्रॅम. आपल्या घोड्याला एका वेळी 365 ग्रॅम पिष्ट, म्हणजे ओट साधारण 850 ग्रॅम, पण मका जेमतेम अर्धा किलो. त्यापलीकडचं पिष्ट लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथे आंबतं. पोटशूळ आणि लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आतली वेदनादायक सूज, तिथूनच सुरू होतात. हरभरे बंदच करा असं नाही. 300 ग्रॅमपर्यंत भिजवून ओटांतून तेवढं वजा करून द्या, फक्त उन्हाळ्यात भिजवणीला आंबूस वास आला तर फेकून द्या. जव कच्चे नको, शिजवून द्या.

तयार खुराकाचं पोतं घेत असाल तर घटकांचा क्रम वाचा, कारण जो घटक सर्वांत जास्त तो आधी छापतात. पहिल्या दोन-तीन नावांत मका आणि मळी असतील तर ते पोतं या कामाचं नाही. स्निग्धांश 6 ते 10 टक्के, तंतू 12 टक्क्यांहून जास्त, प्रथिनं 12 ते 14 टक्के असलेलं निवडा. गाईची गोळी पेंड किंवा कोंबडीखाद्य मात्र चुकूनही नको. त्यात मोनेन्सिन हे गाई-कोंबड्यांसाठी घातलं जाणारं औषध असू शकतं आणि त्याची थोडी मात्राही घोड्याच्या हृदयाला मारक ठरते. दोन्ही खाद्यांची घमेली आणि मापंसुद्धा वेगळी ठेवा.

शांत करणाऱ्या पावडरींत बहुधा मॅग्नेशियम किंवा ट्रिप्टोफॅन असतं. मॅग्नेशियमचा उपयोग कमतरता असेल तरच. ट्रिप्टोफॅनचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. व्हॅलेरियन ही वनस्पती एफईआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या, स्पर्धांत निषिद्ध आहे. पैसे लसूणघासावर घाला आणि घोडा रोज काही तास मोकळा सोडा. तबेल्यात बांधून ठेवलेल्या जनावराला कोणताही खुराक शांत करणार नाही.

नवा खुराक दहा-चौदा दिवसांत जुन्यात मिसळत आणा. गवत बदललं तरी हाच नियम. स्वभावातला फरक तीन-चार आठवड्यांत कळतो, अंगावरचा दोन-तीन महिन्यांत. मध्येच खूर गरम लागले, पुढचे पाय पुढे टाकून घोडा उभा राहिला, तर चंदी तिथल्या तिथे थांबवा आणि डॉक्टरला फोन करा. सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी करा, गवत मात्र पूर्ण द्या. काम न करता पूर्ण चंदी खाल्लेला घोडा दुसऱ्या दिवशी स्नायू आखडून जागीच थबकू शकतो.