चिनी विद्यार्थ्याला हूलिगन आणि ठग यातला फरक सांगताना

चिनी बोलणाऱ्यांना ऑनलाइन इंग्लिश शिकवत असाल तर गुंड-मवाल्यांचे शब्द जरा निवांत घ्या, कारण त्यांच्याकडे 'लिउमांग' हा एकच शब्द रस्त्यावरच्या टपोरीलाही चालतो आणि बायकांची छेड काढणाऱ्यालाही, आणि डिक्शनरी बघावी तर पुढे सरळ 'हूलिगन' लिहिलेलं असतं. चीनच्या 1979 च्या फौजदारी कायद्यात लिउमांगचा गुन्हाच होता, 1997 ला काढला, त्याचंही इंग्लिश भाषांतर हूलिगनिझम असंच करतात. मग मुलगी लिहिते, बसमध्ये एका हूलिगनने मला हात लावला. इंग्लिश वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर येतो फुटबॉल मॅचनंतर टोळक्याने काचा फोडणारा पोरगा, आणि तिच्यावर काय गुदरलं ते कळतच नाही! तिथे 'ग्रोपर' हवा, हे तिला नक्की सांगा, उद्या पोलिसांत सांगायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

'ठग' मात्र आपल्याला जास्त फसवतो. शब्द आपल्याकडूनच गेला पण आपला ठग गोड बोलून गंडवतो, इंग्लिशमधला थेट मारहाण करतो. गंडवणारा तो 'कॉनमन'. शिवाय अमेरिकेत काळ्या तरुणांना ठग म्हणणं वंशद्वेषी वाटतं, हे आधीच सांगून ठेवा.

वाटेत अडवून लुटणारा तो 'मगर' (mugger), टोळीतला तो गँगस्टर. नुसता दंगा करणारा उद्धट पोरगा ब्रिटनमध्ये 'यॉब', म्हणजे 'बॉय' उलटा लिहिलेला, हे फळ्यावर लिहून दाखवलं की पोरं विसरत नाहीत.