बॅचेल्डर टाइल्सच्या फायरप्लेसवर फासलेला रंग कसा काढायचा

अमेरिकेत पॅसाडेना, लॉस एंजेलिस भागात १९१०-२० च्या सुमाराचा क्राफ्ट्समन (हातकामाच्या साध्या शैलीचा) बंगला घेतलात आणि हॉलमधली फायरप्लेस कुणीतरी पांढऱ्या रंगाने लिंपून ठेवलीय, तर आधी टॉर्च तिरका धरून बघा. रंगाखाली मोर, द्राक्षाचे वेल, जहाज, ओकचं झाड असं काही उठावाचं दिसलं तर त्या अर्नेस्ट बॅचेल्डर या टाइल बनवणाऱ्याच्या टाइल्स असू शकतात. क्लेक्राफ्ट या दुसऱ्या कारखान्याच्याही दिसायला तशाच, रंग काढायची पद्धत तीच. बॅचेल्डरने १९१० च्या सुमारास पॅसाडेनात घरामागे भट्टी लावली, मग काम वाढलं तसं बस्तान लॉस एंजेलिसला हलवलं, आणि मंदीत, १९३२ ला, कारखाना बंद पडला. त्यामुळे टाइल खराब केलीत तर तशीच दुसरी मिळवायला जुन्या सामानाची दुकानं पालथी घालावी लागतात, आणि मिळेलच असं नाही.

रंगात शिसं आहे असं धरूनच चाला. अमेरिकेत घरगुती रंगात शिशावर बंदी आली १९७८ ला, हे घर त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणून सँडपेपर नाही, हीट गन नाही, मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत, खाली जाड प्लास्टिक. हातमोजे, मास्क वगैरे सांगायला नको.

स्ट्रिपर, म्हणजे रंग मऊ करून सोडवणारं रसायन, कुठला? जुन्या सल्ल्यांमध्ये मेथिलिन क्लोराइडवाले डबे सुचवलेले असतात, घरगुती वापरासाठी त्यांची विक्री अमेरिकेत २०१९ मध्ये बंद झाली आणि ते बरंच झालं, त्याच्या वाफेने बंद खोलीत माणसं दगावलीत. कॉस्टिकवालाही (तीव्र अल्कलीचा) नको, टाइलच्या छिद्रांत क्षार उरतो आणि नंतर पांढरी बुरशी आल्यासारखं फुलत राहतं. सोयावाला किंवा बेंझिल अल्कोहोलवाला, पेस्टसारखा घट्ट घ्या. कोपऱ्यातल्या एका टाइलवर आधी ट्राय करा, किती तासांत रंग सुटतो ते तिथेच कळेल.

आता खरी गोम. मला सगळ्यात जास्त त्रास इथेच झाला आणि लोक टाइल्सची वाट लावतात तीही इथेच. बॅचेल्डरच्या बहुतेक टाइल्सवर काचेसारखं ग्लेझ नसतं (नंतर त्याने ग्लेझवाल्याही केल्या, पण फायरप्लेसवर बहुतेक याच दिसतात). साच्यात माती दाबून टाइल काढायची, तिच्यावर रंगीत मातीचं पातळ पाणी फिरवायचं, उठावावरून पुसून घ्यायचं आणि भाजायचं, म्हणजे खाचांत निळसर रंग उरतो आणि वर तपकिरी माती दिसते. आता रंग सोलताना हा निळा खाचेत दिसला की वाटतं अजून जुना रंग राहिलाय, आणि माणूस तारेचा ब्रश घेऊन बसतो. तो निळा म्हणजेच टाइल आहे हो! तो एकदा घासून गेला की परत आणता येत नाही, वरून कुठलाही रंग भरलात तरी तो भाजलेल्या मातीसारखा दिसत नाही.

ओळखायचं कसं, तर स्ट्रिपरखाली जे मऊ पडतं तो रंग, जे कडकच राहतं ती टाइल. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, बांबूच्या काडीचं टोक हलकं टेकवून बघा.

दुसरी गोष्ट घाई. पेस्ट जाड थापायची, वर किचनमधला प्लास्टिक रॅप चिकटवायचा म्हणजे सुकत नाही, आणि रंग सुरकुतून सुटेपर्यंत हात लावायचा नाही. दुधावरची साय उचलतो तसा पापुद्रा प्लास्टिकच्या पट्टीने उचलायचा. अर्धवट मऊ असताना फडक्याने पुसायला गेलात की पातळ झालेला रंग मातीच्या छिद्रांत शिरतो आणि सगळ्या टाइलवर दुधी झाक बसते, ती काढणं मूळ रंग काढण्यापेक्षा अवघड. म्हणून पुसायचं नाही, टिपायचं. पेपर टॉवेल दाबला, उचलला, फेकला, नवीन घेतला. मग पातळ दुसरा थर, परत तेच. खाचांना बांबूची काडी आणि नायलॉनचा मऊ टूथब्रश, बाकी काही नाही. एका वेळी चार-पाच टाइल्सच घ्या, अख्खी फायरप्लेस एकदम थापली की एक बाजू सोलेपर्यंत दुसरी सुकून बसते.

म्युरिएटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिड सुचवणाऱ्याला घरात घेऊ नका. ॲसिड टाइल्समधल्या फटींत भरलेला ग्राउट खातं, टाइलचं तोंडही बिघडवतं.

मग न्यूट्रल साबण, स्पंज, कमी पाणी. काजळीही त्यातच बरीच जाते.

सगळं निघालं की टाइल्स एकसारख्या दिसत नाहीत, एक गडद, शेजारची फिकट, कुठे लालसर. ते भट्टीतून तसंच आलंय, त्यासाठीच या टाइल्स लोकांना हव्या असायच्या, एकसारखं करायला जाऊ नका. जवसाचं तेल तर अजिबात चोळू नका, काळपट पडतं आणि धूळ धरतं. चकचकीत सीलरही नको, मॅटपणा गेला की टाइलचं रूपच गेलं.

सोललेला रंग, टॉवेल, प्लास्टिक सगळं पिशवीत बांधून काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर द्या. आणि आग पेटवायची घाई नको, टाइल्स आतपर्यंत सुकू देत, आणि धुरांडं एकदा तपासून घ्या.