उतारवयात नजर जपायची तर ताटात काय वाढावं?

घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर स्वयंपाकाकडे वळण्याआधी त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर बसवा. वाचायचा चष्मा घालू द्या, एक डोळा तळहातानं झाकायला सांगा आणि मधल्या एका तारखेवर नजर धरायला लावा. आजूबाजूच्या रेघा सरळ दिसतात का? मग दुसरा डोळा. रेघ वाकडीतिकडी दिसली, मधोमध डाग आला, तर दोन-तीन दिवसांत डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळ्याच्या आतला, मागचा पडदा दाखवा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाला सांभाळून घेतो आणि कळतच नाही. माझी आई वर्षभर म्हणत राहिली, "नंबर बदलला असंल." नंबर तोच होता, पडदा झिजत होता.

आता ताट. पडद्याच्या अगदी मधल्या भागात, ज्यानं आपण चेहरा ओळखतो आणि अक्षर वाचतो, ल्युटीन आणि झियाझँथिन ही पिवळी रंगद्रव्यं साठलेली असतात. ती शरीर स्वतः बनवत नाही, खाण्यातूनच यावी लागतात. मुख्य भांडार हिरवा पाला: पालक, मेथी, शेपू, चाकवत, शेवग्याचा पाला, आपली अंबाडी आणि हिवाळ्यातली करडईची कोवळी भाजी. मक्याच्या पिवळ्या दाण्यात आणि अंड्याच्या बलकातही ती असतात.

पण खरी अडचण भाजी मिळण्याची नाही. दात पडले की म्हाताऱ्या माणसाच्या ताटातून पालेभाजी पहिली निघून जाते आणि उरतं चहा-खारी, दूध-चपाती, वरणभात. म्हणून पाला अगदी बारीक चिरा, तुरीच्या नाहीतर मुगाच्या डाळीत मऊ शिजवा आणि रवीनं घोटा. अंबाडी असेल तर उकडून आंबट पाणी पिळून टाकलं तरी चालतं, ही रंगद्रव्यं पाण्यात विरघळत नाहीत. ती विरघळतात तेलात. त्यामुळे वरून लसणाची चमचाभर फोडणी हवीच, नुसत्या उकडलेल्या भाजीतून ती अंगी नीट लागत नाहीत. त्यात भाकरी कुस्करून द्या. रोज एक वाटी.

सोबत पेरू, मोसंबी किंवा आवळा. मूठभर शेंगदाणे चावत नसतील तर कूट चालेल. गाजर जरूर द्या, पण गाजरानं चष्मा उतरतो हे खरं नाही. 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असली तर रातांधळेपणा येतो, ती भरून निघाली की जास्त गाजर खाऊन नजर वाढत नाही.

मधुमेह असेल तर सगळ्यात आधी साखर आवरा. साखर चढी राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तिचीही मोजदाद ठेवावी लागते. आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला कितीही मेथी खाऊ घातली तरी धुरानं होणारं नुकसान भरून येत नाही.

खाण्यानं मोतीबिंदू विरघळत नाही, त्याला ऑपरेशनच लागतं. झिजलेला पडदाही पुन्हा नवा होत नाही, आहारानं फार तर धोका कमी होतो. गोळ्यांचं म्हणाल तर अमेरिकेतल्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या २००१ च्या अभ्यासात, वयामुळं पडदा झिजण्याचा आजार मध्यम टप्प्यावर असलेल्यांना जीवनसत्त्वं आणि जस्ताच्या ठरावीक गोळ्या दिल्यावर, पाच वर्षांत तो गंभीर होण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. २०१३ मध्ये त्यातलं बीटा-कॅरोटीन काढून ल्युटीन, झियाझँथिन घालणं योग्य ठरलं, कारण धूम्रपान करणाऱ्यांत बीटा-कॅरोटीननं फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ज्यांचा पडदा निरोगी आहे त्यांनी या गोळ्या घेऊन उपयोग नाही. तेव्हा औषधाच्या दुकानातून आपल्या मनानं आणू नका.

रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल, तर पालेभाजी एकदम वाढवू नका. भाजी बंद करायची नसते, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवावं लागतं, म्हणून आधी डॉक्टरांशी बोला. किडनीचं दुखणं असेल तरी तेच.